इंजिन तापले, की तापल्याचा भास?

जुन्या स्पोर्ट्स कारचा तापमापक आणि पंखा यांची भाषा समजून घेतली, तर निम्मा खर्च आणि सारी धास्ती टळू शकते.

ऐंशीच्या दशकातील शेवरोले कॉर्व्हेट बाळगणाऱ्या अमेरिकेतील हौशी मंडळींची एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. उन्हाळ्याच्या दिवसांत गाडी सिग्नलला उभी राहते. डॅशबोर्डवरील तापमानाचा आकडा २१०, २१५, २२० असा चढत जातो आणि रेडिएटरचा पंखा मात्र ढिम्म हलत नाही. मालक घाबरतो, गाडी गॅरेजमध्ये नेतो. तेथे कधी थर्मोस्टॅट बदलला जातो, कधी पंख्याची मोटर, तर कधी थेट नवा रेडिएटर बसतो. बिल चुकते करून तो घरी निघतो, पुढच्या सिग्नलला थांबतो आणि आकडा पुन्हा २२०वर जातो. कारण बहुतेक वेळा त्या गाडीत बिघाड नव्हताच. ती जशी वागायला बनवली होती, तशीच वागत होती.

याच्या नेमके उलटही घडते. 'या गाड्या तापतातच' असे कोणीतरी सांगितलेले असते, म्हणून मालक खऱ्या बिघाडाकडे दुर्लक्ष करतो आणि एके दिवशी सिलिंडर हेडचे गॅस्केट निकामी होते. निरोगी उष्णता आणि रोगाचा ताप यांतील फरक ओळखायचा कसा, हा या जुन्या गाड्यांबाबतचा कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका आकड्यात सापडत नाही. तापमान, गाडीचा वेग आणि पंख्याची हालचाल या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

आकडा दिसतो, म्हणून भीती वाटते

कॉर्व्हेटची चौथी पिढी १९८४ ते १९९६ या मॉडेल-वर्षांत केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील कारखान्यात तयार झाली. १९८५ ते १९९१ या काळातील तिच्या नेहमीच्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनाला एल-९८ हे नाव होते. या लेखातील तपशील प्रामुख्याने त्याच गाडीचे आहेत. तिच्या १९८९पर्यंतच्या डॅशबोर्डवर काट्यांऐवजी अंक दिसत आणि त्यात कूलंटचे तापमान थेट अंशांत वाचता येई. इतर बहुतेक मोटारींत केवळ एक काटा असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी खालीवर झाले, तरी तो मध्यावरून हलत नाही. त्या गाड्यांचे इंजिनही सिग्नलला तापतेच. फक्त ते चालकाला दिसत नाही.

हे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. आपल्या सोयीसाठी ते सेल्सियसमध्ये पाहू. मूळ थर्मोस्टॅट १९५ अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ९१ अंश सेल्सियसला उघडू लागणारा. इंजिनचा संगणक मुख्य पंखा सुरू करतो तो सुमारे २२८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे १०९ अंश सेल्सियसला. ज्या गाड्यांत दुसरा, साहाय्यक पंखा आहे, त्यांत तो सुमारे २३८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ११४ अंश सेल्सियसला जागा होतो. वर्षागणिक या आकड्यांत थोडा फरक आढळतो. शिवाय दुसरा पंखा सर्वच गाड्यांत नसे. अनेक वर्षे तो जादा पैसे मोजून घेण्याची वस्तू होती. त्यामुळे मुळात नसलेला पंखा 'फिरत नाही' म्हणून शोधत बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडील ज्या वाचकांनी प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांना हे विचित्र वाटेल. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चाले. इंजिन सुरू तर पंखा सुरू. मारुती ८००ने विजेवरचा पंखा घरोघरी आणला आणि गरज असेल तेव्हाच फिरणारा पंखा आपल्या सवयीचा झाला. कॉर्व्हेटमध्ये ही 'गरज' बरीच वरच्या तापमानाला ठरवलेली आहे, इतकाच फरक.

अभियंत्यांनी असे का केले असावे, हे समजणे कठीण नाही. गरम इंजिनात इंधन अधिक पूर्णपणे जळते, अर्धवट जळालेले वायू कमी बाहेर पडतात, तेल पातळ राहून घर्षण घटते. पंख्याची मोटर मोठा विद्युतप्रवाह खेचते आणि तो भार शेवटी इंजिनावरच पडतो. त्यामुळे पंखा शक्य तितका कमी फिरवणे इंधनबचतीच्या हिशेबाने सोयीचे असते.

कूलंट केव्हा उकळते?

१०९ अंशांना पाणी उकळून वाफ होणार नाही का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. पण मोटारीची शीतनयंत्रणा उघडी नसते. रेडिएटरच्या टोपणातील स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंश सेल्सियसने वर जातो. १५ पौंडांचे टोपण सुस्थितीत असेल, तर तेच मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे पंखा सुरू होण्याच्या बिंदूपासून उकळण्यापर्यंत वीस अंशांची मोकळी जागा शिल्लक राहते.

या हिशेबात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. टोपणाचे रबर झिजले, स्प्रिंग सैल झाली आणि दाब धरला गेला नाही, तर कूलंट १०७ अंशांना उकळू लागेल आणि पंखा सुरू होईल १०९ला. पंखा, मोटर, संगणक सारे काही ठणठणीत असूनही गाडी उकळेल. कोणी यंत्रणेत नुसते नळाचे पाणी भरले असेल, तर परिस्थिती आणखी बिकट होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर वसलेल्या डेन्व्हरसारख्या शहरात तर साधे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून तपासणीची सुरुवात सर्वांत स्वस्त भागांपासून करावी. कूलंटची पातळी पुरेशी आहे का, मिश्रणाचे प्रमाण योग्य आहे का आणि टोपण दाब धरते का? टोपणाचा दाब तपासण्याचा हातपंप बहुतेक गॅरेजमध्ये असतो आणि तपासणी काही मिनिटांत होते.

वेगाची साक्ष

त्यानंतर पाहायचे, ते तापमान नेमके कोणत्या वेगाला वाढते. डॉक्टर जसा ताप कोणत्या वेळी चढतो ते विचारतो, तसाच हा प्रश्न आहे.

गाडी उभी असताना किंवा रहदारीत रांगत असताना आकडा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे असेल, तर रेडिएटर, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बहुधा निर्दोष आहेत. धावणाऱ्या गाडीला समोरून वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच पुरवावा लागतो. संशयाची सुई अशा वेळी पंखा आणि त्याच्या विद्युतमंडलाकडे वळते. मात्र आकडा १०९च्या आसपास पोहोचून पंखा सुरू होत असेल आणि त्यानंतर तापमान खाली येत असेल, तर हा बिघाड नव्हे. ही त्या गाडीची नेहमीची चाल आहे.

याउलट महामार्गावर, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना आकडा चढत असेल, तर पंख्याला दोष देऊ नये. त्या वेगाला पंख्याची गरजच नसते. तेथे प्रश्न वाऱ्याच्या वाटेचा किंवा पाण्याच्या प्रवाहाचा असतो. चौथ्या पिढीची कॉर्व्हेट समोरच्या जाळीतून नव्हे, तर प्रामुख्याने नाकाच्या खालून हवा ओढते. नाकाखाली असलेली प्लास्टिकची लवचीक पट्टी रस्त्यालगतची हवा वर वळवून रेडिएटरकडे पाठवते. फुटपाथच्या कडेला घासून ती पट्टी तुटते आणि नवी बसवणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात ती शीतनयंत्रणेचाच भाग असते. ती नसेल, तर वेगातही रेडिएटर गुदमरतो.

खालून हवा ओढण्याचा दुसरा तोटा म्हणजे ही गाडी रस्त्यावरचा कचराही ओढते. वाळकी पाने, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, सिगारेटची थोटके असा ऐवज एअर कंडिशनरचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचतो. समोरून किंवा मागून पाहिले, तर काहीच दिसत नाही. वरचे आवरण काढून आत डोकावल्यावर खरा प्रकार कळतो. नवा रेडिएटर विकत घेण्यापूर्वी ही फट साफ करून पाहणे, हा या गाडीच्या जाणकारांनी दिलेला कदाचित सर्वांत मोलाचा सल्ला आहे.

फट स्वच्छ असूनही महामार्गावर तापमान वाढत असेल, तर रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला असू शकतो, खालची रबरी नळी पंपाच्या ओढीने आत दबत असू शकते किंवा पंपाची पाती झिजलेली असू शकतात. इन्फ्रारेड तापमापक रेडिएटरच्या पृष्ठभागावर फिरवला, तर आजूबाजूपेक्षा अगदी थंड लागणारा पट्टा आतील मार्ग बुजल्याचे सुचवतो.

इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच आकडा भराभर चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची किंवा आत हवा कोंडली असण्याची शक्यता असते. उलटपक्षी वीस मिनिटे गाडी चालवूनही आकडा ७५-८०च्या पुढे जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे. त्याकडेही दुर्लक्ष करू नये.

पंख्याची पारख

पंख्यावर संशय असेल, तर इंजिन तापण्याची वाट पाहण्याची गरज नाही. एल-९८ इंजिनाच्या गाडीत डॅशबोर्डखाली तपासणीसाठी एक सॉकेट असते. गाडीची चावी 'ऑन' स्थितीत ठेवून, पण इंजिन सुरू न करता, त्यातील 'ए' आणि 'बी' ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की संगणक तपासणीच्या अवस्थेत जातो. डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा १२ हा संकेत तीनदा लुकलुकून दाखवतो आणि त्याच वेळी संगणक मुख्य पंखाही सुरू करतो. या पारखीने संशयितांची यादी एका झटक्यात निम्मी होते.

पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज, रिले, तारा आणि संगणकाचा आदेश हे सारे जागेवर आहे. मग गाडीत पंखा का फिरत नाही, याची दोनच महत्त्वाची कारणे उरतात. एक तर तापमान अजून १०९पर्यंत पोहोचलेलेच नाही, किंवा संगणकाला खरे तापमान कळत नाही.

पंखा फिरला नाही, तर पाठ मोटरपासून सुरू करावा. मोटरला बॅटरीतून थेट वीज द्यावी. तरीही ती फिरली नाही, तर दोष मोटरचा. फिरली, तर मागे मागे जात फ्यूज, रिले आणि जमिनीची जोडणी तपासावी. रिलेच्या वेटोळ्याला संगणक वीज पुरवत नाही, तो त्याला जमीन जोडून देतो. हे लक्षात ठेवले, तर मीटर कोठे लावायचा हे सहज कळते. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत गंजलेली जमिनीची तार ही अतिशय सामान्य बाब आहे. मोटर फिरते, पण सुस्तपणे, असे दिसले, तर या तारेवर आधी संशय घ्यावा.

पंखा फिरतो, म्हणजे तो योग्य दिशेने फिरतो असेही गृहीत धरू नये. मोटर बदलताना दोन तारांची अदलाबदल झाली, तर पंखा उलटा वारा मारतो आणि धावत्या गाडीत समोरून येणाऱ्या हवेलाच विरोध करतो. रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरला, तर वारा कोणत्या बाजूला जातो ते लगेच समजते.

आणि पंखा सतत, अगदी थंड इंजिनालाही फिरत असेल तर? रिलेचे संपर्क चिकटलेले असू शकतात, एअर कंडिशनरच्या दाबाचा स्विच बिघडलेला असू शकतो किंवा संगणकाला तापमानाचा सेन्सरच सापडत नसावा. सेन्सरच्या मंडलात बिघाड आढळला, तर संगणक १४ किंवा १५ क्रमांकाचा संकेत नोंदवून ठेवतो. पहिला 'तापमान अशक्य इतके जास्त' आणि दुसरा 'अशक्य इतके कमी' असे सांगतो.

सेन्सर चुकीचे सांगतो तेव्हा

या गाडीत तापमान मोजणारा एकच अवयव नाही. डॅशबोर्डला माहिती देणारा सेन्सर वेगळा आणि संगणकाला माहिती देणारा वेगळा. दोन्ही इंजिनावर वेगवेगळ्या ठिकाणी बसवलेले असल्याने त्यांच्या वाचनात काही अंशांचा फरक असणारच. चालकाला २३० दिसले आणि पंखा अजून थांबलेला असला, तर संगणकाला कदाचित २२४ दिसत असतील. म्हणून निदान करताना डॅशबोर्डवर विसंबू नये. संगणक काय वाचतो आहे, ते तपासणी यंत्र जोडून पाहावे.

संगणकाच्या सेन्सरमध्ये तापमान वाढले की विद्युतरोध कमी होतो. २० अंशांना तो सुमारे ३४०० ओहम, ७० अंशांना ४५० ओहम आणि १०० अंशांना अवघा १८५ ओहमच्या आसपास असतो. आता समजा, जोडणीवर गंज चढून ५० ओहमचा जादा रोध निर्माण झाला. थंड इंजिनात ३४००मध्ये ५० मिळवले, तर फरक जाणवणारही नाही. गरम इंजिनात मात्र संगणकाला तापमान सात-आठ अंशांनी कमी भासेल आणि त्यापुढे चूक वाढतच जाईल. परिणामी पंखा १०९ऐवजी १२० अंशांच्याही पुढे सुरू होईल. सेन्सर चांगला, संगणक चांगला, पंखा चांगला आणि तरीही इंजिन धोक्यात. दोष केवळ एका मळलेल्या जोडणीचा. ती साफ करायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

सेन्सर पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चावी 'ऑन' करताच वाचन पाहणे. ते बाहेरच्या हवेच्या तापमानाशी जुळायला हवे. त्यानंतर गरम इंजिनावर पुन्हा पडताळणी करावी. वर सांगितल्याप्रमाणे केवळ थंड तपासणी फसवू शकते.

थर्मोस्टॅट बदलण्याचा मोह

गाडी तापते, मग १६० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे ७१ अंश सेल्सियसला उघडणारा थर्मोस्टॅट बसवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागे गैरसमज आहे. थर्मोस्टॅट इंजिनचे किमान तापमान ठरवतो, कमाल नव्हे. इंजिन १०० अंशांवर असताना ९१चा थर्मोस्टॅट उघडलेला असतो आणि ७१चाही. त्या क्षणी दोघांत फारसा फरक उरत नाही. पुढचे सारे काम रेडिएटर, हवा आणि पंप यांच्यावर असते. कमी तापमानाच्या थर्मोस्टॅटमुळे गाडी तापायला थोडा अधिक वेळ लागतो आणि मालकाला काही दिवस रोग बरा झाल्याचा आनंद मिळतो. मूळ कारण मात्र तेथेच राहते. थंडीच्या दिवसांत तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचायलाच उशीर होतो, संगणक इंधन जास्त सोडतो आणि तेलात उतरलेली दमट वाफ नीट उडून जात नाही.

पंखा लवकर सुरू होईल असा स्विच किंवा संगणकाची बदललेली चिप बसवणे, हा त्या मानाने समजूतदार पर्याय आहे, कारण त्याने उभ्या गाडीतील कमाल तापमान खरोखर खाली येते. पण तोही बिघाड शोधून दूर केल्यानंतरच योजावा. आधी योजला, तर तो रोग झाकण्याचेच काम करतो.

धोक्याची खरी लक्षणे

दोन्ही पंखे जोरात फिरत असूनही तापमान ११५ अंशांच्या पुढे चढतच राहिले, तर गाडी बाजूला घ्यावी. थांबेपर्यंत एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. हीटरचा गाभा हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तेवढी उष्णता तरी बाहेर पडते. १९८६च्या मध्यापासून या इंजिनाला ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड मिळाले. ॲल्युमिनियम अति उष्णतेने लोखंडाच्या तुलनेत लवकर वाकते. 'घर जवळच आहे, पोहोचू' हा हिशेब तेथे फार महाग पडतो.

कोठेही गळती दिसत नसताना कूलंट कमी होणे, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रबरी नळ्या कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे आणि धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणे ही गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये मिसळतात का, हे पाहण्यासाठी एक निळे रासायनिक द्रव्य मिळते. वायू असतील, तर ते पिवळे पडते. ही चाचणी इंजिन उघडण्यापूर्वी अवश्य करावी.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही घाईत विसरू नयेत. गरम इंजिनाचे टोपण कधीही उघडू नये. दाब सुटताच १०७ अंशांच्या वरचे कूलंट त्याच क्षणी उसळून उकळते आणि हात-तोंड भाजते. दुसरे म्हणजे विजेवरचा पंखा पूर्वसूचना न देता सुरू होतो. काही मोटारींत तर तो इंजिन बंद केल्यावरही फिरू शकतो. आत हात घालण्यापूर्वी त्याची जोडणी काढून ठेवावी.

जुन्या गाडीच्या मालकाजवळ महागडी अवजारे नसली तरी चालेल, एक वही मात्र हवी. बाहेरचे तापमान, गाडीचा वेग, इंजिनचे तापमान, एअर कंडिशनर सुरू की बंद आणि पंखा फिरत होता की नाही, या पाच नोंदी आठवडाभर ठेवल्या, तर कोणताही चांगला मेकॅनिक अर्ध्या तासात दोषाच्या जवळ पोहोचू शकतो. त्यानंतर टोपण, कूलंट, कचरा, जोडण्या, सेन्सर, पंखा, थर्मोस्टॅट, पंप आणि अखेरीस रेडिएटर अशा स्वस्ताकडून महागाकडे जाणाऱ्या क्रमाने तपासणी करावी. हा क्रम उलटा धरल्यामुळेच पुष्कळ गाड्यांत नवे रेडिएटर बसतात आणि जुना आजार तसाच राहतो.